खाली विस्तव, वर विस्तव

महाडहून थोड्याच अंतरावर, सावित्री नदीच्या काठी, सव हे गाव आहे. तेथे भूगर्भातून कढत पाणी वर येते. अशा झऱ्यांना कोकणात उन्हाळे म्हणतात. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेली काही मोजकी कॅथोलिक कुटुंबे आहेत. मागील वर्षी नाताळापूर्वी त्यांपैकी एका घरी पवित्र मिस्सा अर्पण करण्याचा योग आम्हाला आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान आम्हाला सवची कुंडे दाखवण्यास घेऊन गेले. सोबत त्यांच्या मातोश्री होत्या. माहेर वसईचे, वय ऐंशीच्या पुढे. कुंडे पाहून झाल्यावर एका झाडाच्या सावलीत चहाचा थर्मास उघडला आणि डब्यातून केकच्या वड्या निघाल्या.

केक चांगला जाळीदार होता, परंतु त्याला वास येत होता तो तवशाचा, म्हणजे पावसाळ्यात वेलावर जून झालेल्या मोठ्या काकडीचा. आम्ही विचारले, "आजी, हा कुठला केक?" त्या हसल्या. "केक कसला, फादर! शेजारणीचं धोंडस आहे. अंडं तेवढं माझं."

या उत्तराने आम्हाला विचारात टाकले. आपल्या लोकांत एक समजूत पक्की आहे, की भट्टीत वा ओव्हनमध्ये भाजण्याची विद्या पोर्तुगीजांनी आणली, पुढे इंग्रजांनी वाढवली आणि ती ख्रिस्ती घरांतून इतरत्र गेली. या समजुतीत तथ्य आहे, परंतु अर्धेच. धोंडसाचा इतिहास लक्षात घेतला म्हणजे उरलेला अर्धा भाग दिसू लागतो.

धोंडस हे कोकणातील जुन्या घरांचे पक्वान्न होय. किसलेले तवसे, तांदळाच्या कण्या किंवा रवा, गूळ, खोबरे, वेलची. दक्षिण कोकणात व गोव्यात याच जातीच्या पदार्थाला तवसळी म्हणतात. हे मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात घालून चुलीवर मंद आचेवर ठेवायचे, वर झाकण घालायचे आणि झाकणावर निखारे ठेवायचे. खाली विस्तव आणि वर विस्तव. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत भानोळे करतात, कोबीचे किंवा कोलंबीचे. त्याचीही रीत हीच. रायगड जिल्ह्यात या समाजाची जुनी वस्ती आहे, तेव्हा महाडच्या स्वयंपाकघरांना झाकणावरचे निखारे नवे नव्हते. वसईच्या आमच्या घरी नाताळात ज्या थाळ्या भाजल्या जात, म्हणजे रवा, नारळ, साखर, बदाम, लोणी आणि अंडी यांचे जे गोड थाळीत पसरून भाजले जाते, तेही ओव्हन येण्यापूर्वी असेच होत असे. गोव्याचे बेबिंका तर सर्वस्वी वरच्या विस्तवावर अवलंबून असते. नारळाच्या दुधाचा, मैद्याचा आणि अंड्यांच्या बलकाचा एक थर ओतायचा, वरून आच देऊन तो तांबूस होऊ द्यायचा, मग तूप लावून त्यावर दुसरा थर. बेबिंका जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील एका धर्मभगिनीने प्रथम केले अशी आख्यायिका आहे. मठ खरा आहे, त्याची स्थापना १६०६ सालची. आख्यायिकेबद्दल मात्र आम्ही हमी देत नाही.

वरच्या विस्तवाची गरज का पडते, हे ज्यांनी नुसत्या चुलीवर केक करून पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. उष्णता केवळ खालून मिळाली तर बूड करपते आणि पृष्ठभाग ओला राहतो. पिठात कोंडलेली हवा आणि वाफ फुगून वर येते, तेव्हा तिला धरून ठेवण्यास वरचा पापुद्रा वेळेवर आवळला पाहिजे. तो लवकर आवळला तर केक फुटतो, उशिरा आवळला तर मध्ये बसतो. आमची आई तापमापक न पाहता हे जाणत असे. झाकण उचलून ती पातेल्यात कागदाचा कपटा टाकी व मनात काही अंक मोजी. कागद किती अंकांत पिवळा पडतो आणि किती अंकांत तपकिरी होतो, यावरून निखारे काढायचे की घालायचे ते ठरे. आम्हा मुलांना त्या वेळी बोलण्याची बंदी असे, कारण अंक चुकत.

तात्पर्य, भाजण्याची विद्या येथे होती. पोर्तुगीजांनी आणले ते गव्हाच्या पिठाला फुगवण्याचे वेड, अंड्यांचा सढळ वापर आणि पाव हा शब्द. चावी, बादली, पगार, काजू या शब्दांबरोबर तो मराठीत आला आणि इतका रुळला, की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. १५१० साली गोवा आणि १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली; गोव्यातील सत्ता १९६१ पर्यंत टिकली. येथे आलेल्या युरोपियनांची मुख्य अडचण ही, की कोकण भाताचा आणि नाचणीचा मुलूख. गहू बाहेरून यावयाचा, आणि पीठ फुगवण्यासाठी लागणारा किण्व मिळावयाचा नाही. त्यावर उपाय सापडला तो माडाच्या शेंड्यावर. ताजी माडी काही तासांत आपोआप आंबू लागते. तीच पिठात घातली. गोव्याचा पोदेर पिढ्यान्पिढ्या माडीवरच पाव फुगवत असे. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाचे फुगे आणि सणाची सांदणे ताडी-माडीवरच होत. म्हणजे ज्या पावाला आपण पाश्चात्त्य म्हणतो, त्याचा जीव आमच्या भंडारी बांधवांनी झाडावर चढून उतरवलेला आहे.

येथे एक गोष्ट ओघाने सांगितली पाहिजे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तेव्हा मिस्सेच्या द्राक्षारसासाठी त्यात वाट ठेवण्यात आली. फुग्यांच्या ताडीसाठी कोणी वाट मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. धर्मगुरूंची सोय झाली आणि स्वयंपाकघर विसरले गेले. पुढे अनेक घरांनी बाजारच्या यीस्टचा आसरा घेतला. जुन्या बायका आजही म्हणतात, की फुगे फुगतात खरे, पण पूर्वीची आंबूस गोडी गेली. आम्हाला त्यांचे म्हणणे पटते.

पाव रुळला तो शब्दकोशात. पानात तो सहजी रुळला नाही. पाण्यात भिजवलेले पीठ, त्यात माडी, आणि भाजणारा हात कोणाचा ते ठाऊक नाही: सोवळ्याच्या तिन्ही नियमांना त्याने धक्का दिला. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवली, ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितली जाते. ती जशीच्या तशी घडली असेल वा नसेल, परंतु ती सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना खरी वाटली, यातच त्या काळाची ओळख पटते. पावाचा एक तुकडा माणसाचे कूळ, गोत, सोयरीक सारे पुसून टाकू शकतो, अशी ती श्रद्धा होती. मुंबईस पोटासाठी गेलेल्या गोवेकरांना 'माकापाव' म्हणून हिणवत, तेही याच भावनेचे धाकटे भावंड. आणि गंमत अशी, की खेड्यापाड्यांतून पाव-बिस्किटांचा प्रवेश झाला तो आजाऱ्याचे अन्न म्हणून. ताप आलेल्याला चहात बुडवून पाव दिला तर चाले. धडधाकटाने खाल्ला तर बोभाटा होई.

बिस्किटांवरून झालेला सर्वांत मोठा बोभाटा पुण्याचा. १८९० साली पंचहौद मिशन या अँग्लिकन संस्थेत जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली आणि पुढे प्रायश्चित्ते झाली. देशाच्या स्वातंत्र्याचा विचार करणारी माणसे एका बिस्किटासाठी खुलासे देत बसली होती! हसू येते खरे, पण लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली म्हणजे ते मावळते. १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्यानंतर, एकाच माणसाच्या हातचे पाणी घ्यावे की न घ्यावे, या प्रश्नाने त्या बाईंच्या जिवाची किती ओढाताण झाली, ते त्यांनी हसत हसत लिहून ठेवले आहे.

आणि मग महाड. ज्या गावच्या शेजारणीचे धोंडस आम्ही सवच्या कुंडाशी खाल्ले, त्याच गावी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. शाळेच्या पुस्तकांतून हे सर्वांना ठाऊक असते. फारसे सांगितले जात नाही ते असे, की त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून जमावाने परिषदेच्या मंडपावर हल्ला केला, तेव्हा तेथे लोक जेवत होते, आणि शिजवलेले अन्न मातीत मिसळण्यात आले. पुढे तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. दुसरी परिषद त्याच वर्षी २५ डिसेंबरला भरली. जागा देण्यास कोणी पुढे येईना. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. महाडचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी या लढ्यास साथ दिली. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली निकाली निघाला, तेव्हा कुठे एका ओंजळीचा हक्क कागदावर आला.

२५ डिसेंबर ही तारीख वाचताना आम्ही दर वेळी थांबतो. त्या दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन होत होते आणि वसईत घरोघर नाताळची ताटे फिरत होती. ती ताटे कोठपर्यंत फिरत होती, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारणे योग्य ठरेल. गोव्यात चर्चमधील भ्रातृसंघ जातवार होते, हे इतिहासात नोंदलेले आहे. वसईतही बाप्तिस्म्याच्या पाण्याने जाती धुऊन निघाल्या नाहीत. सोयरीक जुळवताना त्या लख्ख दिसत. आमच्या लहानपणी आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी बाईला नाताळचा केक मिळे, पण तो ताटलीत नव्हे, पानावर. एकदा तिने आपल्या घरची तांदळाची पानगी आणली. आईने ती घेतली. आजीने आईला माजघरात बोलावून काही सांगितले, आणि ती पानगी आमच्यापर्यंत पोहोचली नाही. आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असू. आजी रोज रोझरी म्हणत असे आणि आमच्यावर तिचा जीव होता. तरीही हे घडले.

ताट देणे सोपे असते. देणाऱ्याचा हात वर राहतो. घेणे त्याहून अवघड. आणि कृती मागून घेणे तर सर्वांत अवघड, कारण त्यात दुसऱ्याच्या हाताला आपल्या हातापेक्षा अधिक चव आहे, याची कबुली असते.

ही कबुली आपल्या बायकांनी कधी द्यायला सुरुवात केली, त्याची तारीख सांगता येत नाही. पण ठिकाण सांगता येते. ते म्हणजे गावची बेकरी. दिवाळीच्या किंवा नाताळच्या आधी घरून रवा-मैदा, तूप, साखर घेऊन जायचे, तेथल्या पत्र्याच्या ट्रेवर नानखटाई थापायची आणि भट्टीत भाजून घ्यायची, ही रीत महाराष्ट्रात गावोगाव होती. भट्टी इराण्याची, गोवेकराची नाहीतर मुसलमानाची. रांगेत मात्र सगळ्या घरांच्या बायका. तास-दोन तास थांबायचे म्हणजे बोलणे आलेच, आणि दुसरीच्या ट्रेकडे पाहणेही आले. "तुमची एवढी खुसखुशीत कशी होते?" हा प्रश्न ज्या दिवशी पहिल्यांदा विचारला गेला, त्या दिवशी पंचहौद मिशनची चौकशी खऱ्या अर्थाने बरखास्त झाली, असे आम्हाला वाटते.

बेकिंग पावडर आली आणि ताडीची गरजच उरली नाही. ही पावडर १८४३ साली बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांनी, यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी तयार केली होती. तेव्हा घरगुती केकची ही गुरुकिल्लीसुद्धा घरच्याच एका माणसाच्या प्रेमापोटी घडलेली आहे. पुढे वाळू घातलेले पातेले स्टोव्हवर चढू लागले, मग काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला. आमच्या धर्मग्रामात एके काळी असा ओव्हन दोन-तीन घरांतच होता, आणि नाताळच्या आठवड्यात तो पालखीसारखा घरोघर हिंडे.

भाजण्याचा एक प्रकार मात्र या साऱ्या घडामोडींपासून अलिप्त राहिला. ख्रिस्तप्रसादाची भाकर निव्वळ गव्हाची आणि आपल्या लॅटिन विधीत बेखमीर असावी लागते. ताडी नाही, सोडा नाही, मीठसुद्धा नाही. कॉन्व्हेंटमधील सिस्टर पातळ पीठ दोन तापल्या लोखंडी पत्र्यांमध्ये दाबून ती भाजत, आणि गोल चकत्या कापल्यावर उरलेल्या कडा आम्हा मुलांना वाटत. येथेही खाली विस्तव आणि वर विस्तव. आणि पाहा, प्रभूच्या प्रार्थनेचे मराठी करताना पूर्वसूरींनी पाव हा शब्द घेतला नाही, भाकर घेतला. कोकणात भाकर तांदळाची किंवा नाचणीची. वेदीवर गहू आणि प्रार्थनेत तांदूळ, अशी ही जोड आम्हाला फार समाधान देते.

सवहून परतल्यावर आजींनी आपली वही काढून दाखवली. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या कित्येक घरांत पाणी शिरले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून अनेक माणसे दगावली. या घरातही छातीइतके पाणी होते. फ्रिज, धान्य, लग्नाचे फोटो गेले. वही माळ्यावर टाकायची राहून गेली होती. ती तिसऱ्या दिवशी चिखलात सापडली. आजींनी पान पान सुटे करून दोरीवर वाळत घातले. आता त्या पानांचा रंग केकच्या तळासारखा झाला आहे आणि शाई अनेक ठिकाणी फुटली आहे. प्रमाणे पुसली गेली, पण शीर्षके ठळक काढलेली असल्याने ती वाचता येतात. आम्ही ती ओळीने वाचली. "शेजारच्या काकूंचं धोंडस." "कोपऱ्यावरच्या भाभींची नानखटाई, ईदची." "कोलंबीचं भानोळं, वाड्यातल्या वहिनींचं." "नर्सबाईंचा बिनअंड्याचा केक." या नर्सबाई कोण, असे आम्ही विचारले. "भीमनगरातल्या. आता नाहीत. माझ्या धाकट्याच्या तापात रात्र रात्र बसायच्या," असे आजी म्हणाल्या आणि त्या पानावरून त्यांनी हात फिरवला.

आमच्या हाताखालून आयुष्यभर धर्मग्रामाच्या नोंदवह्या गेल्या आहेत. स्नानसंस्कार, विवाह, मृत्यू. त्यांत बाईची नोंद कोणाची कन्या, कोणाची पत्नी म्हणून होते. तिच्या हाताला काय येत होते आणि ते तिने कोणाला शिकवले, त्यासाठी रकाना नाही. तो रकाना असलेली वही आम्ही प्रथमच पाहिली.

वहीची कोरी पाने अद्याप शिल्लक होती. आजींनी पेन आमच्या हाती दिले आणि आमच्या आईची थाळी लिहून देण्यास सांगितले. आम्ही लिहिण्यास बसलो आणि लाजलो. पन्नास नाताळ खाल्लेल्या पदार्थाचे प्रमाण आम्हाला ठाऊक नव्हते. शेवटी वसईस बहिणीला फोन केला. ती सांगत गेली आणि आम्ही लिहीत गेलो: रवा पाव किलो, साखर अर्धा किलो, नारळ एक मोठा, बदाम अर्धा पाव, लोणी तेवढेच, अंडी तीन, गुलाबपाणी. रवा, साखर, वाटलेला नारळ आणि लोणी एकत्र शिजवून रात्रभर ठेवायचे. अंडी सकाळी फेसून घालायची. वरचा विस्तव खालच्यापेक्षा थोडा जास्त. मग ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बदामाचं आईचं नव्हतं हं. आई काजू घालायची. बदाम घालायला तिला त्या पलीकडच्या आळीतल्या पारशीण बाईंनी शिकवलं."

आम्ही वर लिहिलेले शीर्षक खोडून पुन्हा लिहिले.